पगार इंग्लंडचा, काम कोल्हापुरात: कोणता करार घ्यावा?

प्रश्न: मी चार वर्षे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन करते. वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्याने कोल्हापूरला परत आले आणि सध्या इथूनच ऑनलाइन काम करते. विभागाला मी हवी आहे. पण एचआर म्हणते, भारतात आमचे कार्यालय नाही. तुम्ही राजीनामा द्या, 'सल्लागार' म्हणून करार करा आणि दरमहा बिल पाठवा, रक्कम तेवढीच मिळेल. मसुदा सोबत जोडला आहे. सही करू का?

उत्तर: करू नका. निदान या मसुद्यावर तरी नाही.

मसुदा दोनदा वाचला. पहिल्या कलमात लिहिले आहे की सल्लागार ही विद्यापीठाची कर्मचारी नाही. आता सातवे कलम पाहा: तासांचे वेळापत्रक विभागप्रमुख ठरवणार, सुट्टीसाठी त्यांची परवानगी लागणार, दुसरीकडे शिकवायला मनाई. बंधने सगळी नोकरीची आणि नोकरीचा हक्क मात्र एकही नाही. आपली न्यायालये कराराच्या मथळ्यावर थांबत नाहीत. ध्रांगध्राच्या मिठागरात हंगामी कामावर राबणारे अगरिया कामगारच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ठरवले. पण त्या निकालाच्या भरवशावर तुम्ही राहू नका. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या प्रकरणात सांगितले, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही व्याख्येचा गाभा तोच आहे. उद्या काढून टाकले तर कामगार न्यायालयाचा रस्ता तुम्हाला जवळपास बंद. तुमचे जे काही संरक्षण आहे ते करारातल्या शब्दांत आहे, म्हणूनच मी इतकी अडून बसले आहे.

'रक्कम तेवढीच' हेही खरे नाही. भरपगारी रजा गेली, पेन्शनमधला विद्यापीठाचा वाटा गेला. शिवाय तुम्ही कळवलेली रक्कम वर्षाला २० लाखांच्या वर जाते, म्हणजे जीएसटी नोंदणी आली. सेवेची निर्यात म्हणून कर शून्य धरता येतो, पण त्यासाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) आणि वेळच्या वेळी रिटर्न भरावे लागतात. नोकरीच्या पगारावर जीएसटी लागतच नाही.

विद्यापीठाची भीती मात्र खोटी नाही, ती समजून घेऊन बोललात तर वाट निघेल. त्यांना धास्ती आहे की तुमच्या घराला त्यांची भारतातली 'कायम आस्थापना', म्हणजे व्यवसायाचे कायमचे ठिकाण, समजून इथले आयकर खाते त्यांच्या दारी जाईल. त्यांना लेखी कळवा: विद्यापीठाच्या वतीने मी करार करणार नाही, प्रवेश देणार नाही, फी घेणार नाही. धोका शून्यावर येत नाही, पण बराच उतरतो.

ब्रिटिश पगारपत्रकावरच राहण्याचा पर्याय दिसायला सोपा आहे. भारत-ब्रिटन करारानुसार पगारावर कर लागतो तो काम प्रत्यक्ष जिथे बसून केले तिथे. म्हणजे कोल्हापुरात बसून केलेल्या कामावर भारतात कर. विद्यापीठाने तिकडची कपात थांबवून 'एनटी' कोड (पगारातून कर न कापण्याचा ब्रिटिश संकेत) घ्यायला हवा. तिकडेही कापत राहिले तर चुकीने कापलेल्या कराची वजावट इथे मिळवणे अवघड जाते. त्यांना टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) घेऊन इथे टीडीएसही करावा लागेल, आणि एका व्यक्तीसाठी एवढा व्याप सहसा कोणी करत नाही. तोवर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चचा आगाऊ कर तुम्हीच सांभाळा.

माझे मत 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड'च्या बाजूने आहे. भारतातली एक कंपनी तुम्हाला रीतसर नोकरीवर घेते. पगार, टीडीएस, पीएफ ती बघते. काम विद्यापीठाचे, आणि कंपनीला पैसेही विद्यापीठच देते. मुदतीची नेमणूक असेल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, पाच वर्षे थांबावे लागत नाही. अशा करारांत एक ओळ हमखास असते: 'ग्राहकाचा प्रकल्प संपताच सेवा संपेल.' ती खोडून तीन महिन्यांची नोटीस लिहून घ्या. कॉपीराइटही बघा. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या साहित्याचा पहिला मालक, करारात वेगळे काही नसेल तर, नोकरी देणारा असतो. इथे तो ही कंपनी ठरेल! चार वर्षांचे संशोधन पुढे नेताना त्यावर पगारपत्रक सांभाळणाऱ्या कंपनीची मालकी चढू देऊ नका. शोधनिबंध आणि व्याख्यानांच्या टिपणांबद्दल विद्यापीठाकडून वेगळे पत्र घ्या.

एखाद्या भारतीय संस्थेबरोबर संशोधन-करार करून तिच्यामार्फत नेमणूक होऊ शकते, पण त्यात महिने जातात. साउदॅम्प्टन विद्यापीठाने गुरुग्रामला केले तसे स्वतःचे संकुल एका प्राध्यापिकेसाठी कोणी उभारणार नाही, तो विषय सोडून द्या.

हे ठरेपर्यंत राजीनामा देऊ नका. तुम्ही अजून त्यांच्या कर्मचारी आहात, बोलणी करताना हातात तेवढेच आहे. वडिलांच्या उपचारांची कागदपत्रे जोडून रजा मागा, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डचा प्रस्ताव लेखी द्या आणि उत्तरही लेखीच मागा. नवा मसुदा आला की आधी सातवे कलम उघडा आणि मग मला पाठवा.