पोरगा जिंकतोय, तरी तिकिटं का खपत नाहीत?

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा २२ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअरिंगची दोन वर्षं पूर्ण करून कॉलेज सोडलं, प्रोफेशनल बॉक्सर झाला, सहा फाइट खेळला आणि सहाच्या सहा जिंकला. पहिल्या फाइटला १४० तिकिटं खपली, सहाव्या वेळी फक्त ३८. प्रमोटर म्हणतो किमान ६० तरी विकायलाच लागतील, नाहीतर पुढच्या शोमध्ये जागा नाही. ताईंनी गुपचूप २० तिकिटं स्वतःच घेतली, ४५ पौंडाप्रमाणे ९०० पौंड, आणि ती कपाटात साड्यांखाली ठेवली. मुलाला वाटतंय आईच्या ऑफिसातल्या लोकांनी घेतली. वडील या विषयावर बोलत नाहीत. ताईंचा प्रश्न असा की "कोच म्हणतो एवढा हुशार पोरगा मी बघितला नाही, मग लोक का येत नाहीत? त्याला परत कॉलेजात पाठवू का?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी आता कॉलेजात करिअरचं काम बघते पण त्याआधी चार वर्षं शनिवारच्या हॉल शोजना दारावर तिकिटं तपासायचं काम केलंय, त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या डोळ्यासमोर उभंच राहिलं. एक मुलगा मला अजून आठवतो, त्याची फाइट चाळीस मिनिटांवर आलेली, हाताला पट्ट्या बांधून झालेल्या आणि हा ट्रॅकसूटमध्ये दारात उभा, कारण मावसभावाची ट्रेन लेट झालेली आणि त्याची तिकिटं याच्याकडे. पट्टी बांधलेल्या बोटांनी पाकिटातून तिकिटं काढत होता. त्या रात्री तो जिंकला, पण मला तेव्हाच कळलं की या पोरांना एका पगारात दोन नोकऱ्या करायला लावतात आणि दुसरी कशी करायची ते कोणीच शिकवत नाही.

आधी हिशोब बघू, कारण घरात कोणी तो नीट मांडलेला दिसत नाही. छोट्या हॉलच्या शोला टीव्हीचा पैसा नसतो. हॉलचं भाडं, बॉक्सिंग बोर्डाची फी, डॉक्टर, अँब्युलन्स, रेफरी हे सगळं तिकिटांतूनच निघतं. तुमचा मुलगा 'होम' कॉर्नरचा, म्हणजे त्याच्यासमोर जो उभा राहतो त्याचे पैसे बहुतेक वेळा तुमच्या मुलाच्या तिकिटांतूनच जातात. ३८ तिकिटांचे झाले १७१० पौंड. त्यातून समोरच्याची फी, त्याचा प्रवास, प्रमोटरचा हिस्सा गेल्यावर जे काही उरेल त्यातले साधारण १० टक्के कोचचे, मॅनेजरचे २५ टक्क्यांपर्यंत, शिवाय दरवर्षी मेंदूचा स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या. म्हणजे तो जिंकूनही घरी रिकाम्या हाताने येतो ती त्याची नालायकी नाही, धंदाच तसा बांधलाय.

आता लोक का येत नाहीत. फुटबॉलमध्ये माणूस क्लबचा असतो, खेळाडू येतात जातात, शर्ट तोच राहतो, लेस्टर सिटीला आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बांधलेले असतात. बॉक्सिंगमध्ये क्लब नाही, त्यामुळे प्रत्येक बॉक्सरला शून्यापासून माणसं गोळा करायला लागतात. वर्षातून तीन-चार फाइट, त्याही पुढे ढकलल्या जातात, समोरचा आयत्या वेळी येत नाही. त्यात १७ वजनगट आणि प्रत्येकात चार वेगवेगळ्या संस्थांचे पट्टे, चॅम्पियन नक्की कोण हे रोज बॉक्सिंग बघणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग तुमच्या शेजाऱ्याला कसं येणार? आणि मोठ्या फाइट बहुतेक पैसे भरूनच बघायच्या, त्यामुळे चॅनल बदलता बदलता कोणी नवीन प्रेक्षक सापडेल ही शक्यताही आता फार कमी झालीय.

आणि १४० चे ३८ कसे झाले? पहिल्या वेळी लोक बॉक्सिंग बघायला आलेच नव्हते, ते याला बघायला आले होते, शाळेचे मित्र, जिमची पोरं, कोणाची तरी गर्लफ्रेंड. सात वाजता आले, याची फाइट साडेदहाला लागली, चार राउंड, समोर असा माणूस जो पडत नाही आणि जिंकतही नाही, पॉइंट्सवर निकाल, घरी जाऊन झोपले. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. जो हरण्याची शक्यताच नाही त्याची फाइट ४५ पौंड देऊन सहा वेळा कोण बघेल? रेकॉर्ड स्वच्छ ठेवण्यासाठी मॅनेजर अशा फाइट लावतात आणि त्याच फाइट गर्दी खातात. सगळा दोष मॅनेजरचाही नाही, २२ वर्षांच्या पोराला सावकाशच वर न्यायला पाहिजे. पण चार राउंडवरून सहावर कधी जायचं आणि बरोबरीचा माणूस कधी समोर येणार हे मुलाने आता विचारायला हवं.

"हुशार आहे तर लोक का येत नाहीत" यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. क्युबाचा बॉक्सर गिलेर्मो रिगोंडो बघा, २००० आणि २००४ अशी दोन ऑलिंपिक गोल्ड. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी हॉलमध्ये त्याने नोनीतो डोनेअरला हरवलं, आणि डोनेअर त्यावेळी जगातल्या सगळ्यात चांगल्या बॉक्सरांत धरला जायचा. त्यानंतर रिगोंडोचं नशीब उघडायला हवं होतं. झालं उलटं, टीव्हीवाल्यांनी पाठ फिरवली, फाइट कंटाळवाणी म्हणाले. त्याची कला अशी की समोरच्याचा ठोसा दोन बोटांच्या अंतराने चुकवायचा, एक मारायचा आणि तिथून निघून जायचं. ते समजायला रिंगजवळ बसावं लागतं आणि आधी थोडं बॉक्सिंग कळावं लागतं. हॉलच्या मागच्या रांगेतून फक्त दोन माणसं गोल फिरताना दिसतात. तुम्ही लिहिलंय की कोच म्हणतो हा मार खातच नाही. ताई, आई म्हणून यापेक्षा चांगली बातमी तुम्हाला मिळणार नाही. गर्दी आवडीने येईल म्हणून थोडं उभं राहून मार खा असा सल्ला त्याला कोणी ना कोणी देणार, मी खूप पोरांना तो ऐकताना बघितलंय. तो सल्ला त्याने कधीच ऐकू नये. तिकिटं नाही खपली तरी चालतील, त्याचं डोकं शाबूत राहिलं पाहिजे.

जे विकले गेले ते काय वेगळं करत होते? बॉक्सर रिकी हॅटनचंच बघा. तो मँचेस्टरच्या साध्या वस्तीतला, मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचा चाहता, रिंगमध्ये यायचा तेव्हा सिटीच्या चाहत्यांचं गाणं वाजायचं, पबमध्ये डार्ट्स खेळायचा, लोकांना वाटायचं हा आपल्यातलाच. २००५ मध्ये कोस्त्या झूबरोबरची त्याची फाइट अमेरिकेच्या टीव्हीसाठी रात्री दोनच्या सुमाराला लावली होती तरी मँचेस्टरचं अरीना भरलेलं होतं, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरविरुद्ध खेळायला लास वेगासला गेला तर हजारो लोक मागोमाग गेले, कित्येकांकडे तर तिकीटही नव्हतं. पुढे दारू आणि डिप्रेशनचा त्याला खूप त्रास झाला, तो ते उघडपणे बोलायचा, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेला. मुद्दाम सांगते, कारण गर्दी असली म्हणजे माणूस सुखी असतो असं नाही.

पण तुमच्या मुलाला हॅटन होता येणार नाही, तुमच्याच पत्रावरून तो लाजाळू दिसतो. म्हणून त्याने लेस्टरच्याच रेंडल मनरो या बॉक्सरची गोष्ट शोधून वाचावी. हा माणूस कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा, युरोपियन चॅम्पियन झाल्यावरही काम सोडलं नाही. लोक त्याला कचरावाला बॉक्सर म्हणायचे, त्याने ते नाव अभिमानाने लावलं. २०१० मध्ये तो वर्ल्ड टायटलसाठी टोकियोत जपानच्या निशिओकाशी लढला, पॉइंट्सवर हरला, पण लेस्टरमध्ये त्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नव्हती. त्याने कुठलं नाटक केलं नाही, जो होता तोच राहिला आणि लपवलं नाही.

लपवणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही घाईत लिहिलं असेल, की पोस्टरवर त्याने आडनाव टाकलेलं नाही कारण मंडळातलं कोणी बघेल, आणि तुम्हीही गणपतीत विचारलं तर "तो फिटनेसमध्ये आहे" एवढंच सांगता. ताई, राग मानू नका, पण निम्मी तिकिटं तुम्ही तिथेच घालवलीत. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीत पैलवान कधी तिकिटांची पाकिटं घेऊन दारात उभा असतो का? तो तालमीचा असतो, गावाचा असतो, गाव टेम्पो भरून येतं कारण तो हरला तर त्यांचं नाक कापलं जातं. त्यातल्या निम्म्यांना डाव कळत नाही, पण पोरगा आपला आहे हे कळतं. तुमच्या मुलाला गाव आहे, पण त्या गावाला अजून सांगितलेलंच नाही की त्यांचा एक पोरगा रिंगमध्ये उतरतो. इंजिनीअरिंग का सोडलं हे विचारतील, विचारू देत. दोन वेळा विचारतील, तिसऱ्यांदा फाइट कधी आहे ते विचारतील. बॉक्सर प्रिन्स नसीम शेफील्डमध्ये वाढला, आईवडील येमेनचे, त्याने ते कधी झाकलं नाही. रिंगमध्ये येतानाच्या त्याच्या उड्या आणि रोषणाई तुमच्या मुलाला जमणार नाही, आणि गरजही नाही. पण पोस्टरवर पूर्ण नाव आणि आडनाव, एवढं जमेल.

आता काय करायचं ते. पहिलं म्हणजे कपाटातल्या त्या २० तिकिटांबद्दल त्याला खरं सांगा, आणि पुन्हा अशी तिकिटं विकत घेऊ नका. त्याला वाटतंय ५८ विकली, आणि त्या खोट्या आकड्यावर तो पुढचं आयुष्य ठरवतोय. शिवाय २० रिकाम्या खुर्च्या रिंगमधून दिसतात.

मॅनेजरकडून लेखी घ्यायला सांगा, किती तिकिटं, न खपलेल्यांचं काय, समोरच्याचे पैसे कोण देणार. तोंडी काहीही ठेवू नये. तिकिटांचं काम फाइटच्या आठवडाभर आधी भावाकडे किंवा एखाद्या भरवशाच्या मित्राकडे द्यायचं आणि फाइटच्या दिवशी फोन बंद. लोकांना अंदाजे वेळही कळवायची, तीन तास ताटकळत बसलेला माणूस परत येत नाही. आणि दोन फाइटच्या मधल्या तीन महिन्यांत त्याने दिसत राहिलं पाहिजे, जिममध्ये शनिवारी लहान मुलांना शिकवलं तरी पुरे, त्या मुलांचे आईबाबा हेच पुढचे प्रेक्षक. अमेरिकेचा बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डही अबोलच माणूस. २०१४ मध्ये त्याने आपल्या ओमाहा शहरात फाइट घेतली तर जवळजवळ ११ हजार लोक आले, गावात त्याने मुलांसाठी जिम काढली होती. तोच क्रॉफर्ड दोन वर्षांनी लास वेगासला पे-पर-व्ह्यूवर खेळला तर फारच थोड्यांनी पैसे भरून बघितलं. बॉक्सर तोच होता, पण वेगासमध्ये त्याचं कोणी नव्हतं.

मॅनेजर कदाचित दुसरा रस्ता सुचवेल, की 'अवे' कॉर्नरला खेळ, तिकिटं विकायची नाहीत, ठरलेले पैसे हातात. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने अशा ३०० फाइट खेळल्या आणि २५६ हरल्या, आणि तो चांगला कसबी माणूस होता, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण २२ व्या वर्षी, एवढा हात असताना, नको. दर पंधरा दिवसांनी डोक्यावर ठोसे घेऊन मिळवायचे ते पैसे आहेत.

कॉलेजबद्दल. 'परत पाठवू का' असं विचारू नका, तो २२ चा आहे, त्याच्याशी बसून ठरवा. दोन वर्षं पास आहेत म्हणजे सहसा २४० क्रेडिट त्याच्या नावावर आहेत, त्यावर डिप्लोमा मिळू शकतो, तो मागितलाय का बघा. ही क्रेडिट कायम चालत नाहीत, युनिव्हर्सिट्या काही वर्षांची मर्यादा लावतात, म्हणून आत्ताच लेखी विचारून ठेवा. आधी किती वर्षांचं कर्ज वापरलं त्यावर पुढचं मिळणारं कर्ज ठरतं, तेही विचारा. उरलेलं वर्ष पार्ट टाइम करता आलं तर माझं मत सरळ आहे, दोन्ही करावं. सकाळी पळणं, संध्याकाळी जिम, मधले सहा तास तसेही त्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानातल्या नोकरीत जातात.

आणि एक मुदत ठरवा. १८ महिने म्हणा, किंवा पुढच्या चार फाइट. तोपर्यंत निदान एक सहा राउंडची बरोबरीची फाइट व्हायला हवी आणि तुमच्या मदतीशिवाय ७०-८० तिकिटं जायला हवीत. नाही झालं तर परत बसून बोलायचं, तेव्हा त्याची डिग्री जवळ आलेली असेल आणि वयही २४ च्या आसपासच असेल. घाईही नको. जो कॅल्झागी या बॉक्सरने १९९७ मध्ये क्रिस युबँकला हरवून वर्ल्ड टायटल घेतलं, पण त्याला खरी मोठी मान्यता मिळाली ती २००६ मध्ये, जेफ लेसीला हरवल्यावर. तो वेल्सचा हिरा, एकही फाइट न हरलेला, तरी एवढा वेळ लागला.

वडिलांचं मात्र पत्रातून काही सांगता येत नाही. ते सहापैकी एकाही फाइटला गेले नाहीत असं लिहिलंय. त्यांना तिकीट विकायला मुलालाच पाठवा, तुम्ही मध्ये पडू नका, आणि पैसे घेऊनच द्यायचं. पुढची फाइट मार्चमध्ये आहे ना? मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर टाकाल, आडनावासकट, तेव्हा मलाही पाठवा. मला दोन हवीत.