आजोबांच्या कपाळावरचे चंदन

प्रश्न : मी गेली २२ वर्षे टपाल तिकिटे जमवत आहे. २००६ साली टपाल खात्याने चंदनाच्या सुवासाचे १५ रुपयांचे तिकीट काढले होते, त्याची एक कोरी प्रत मी जिवापाड जपली होती. परवा आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येने अल्बम उघडला, ते तिकीट हुंगले, चाटले आणि दुपारी आडवे झालेल्या माझ्या वडिलांच्या कपाळावर नेऊन चिकटवले. वडील रोज पूजेनंतर गंध लावतात. त्या दिवशी ते राहून गेले होते, एवढेच तिचे म्हणणे आहे. वडील तासभर तसेच वावरले, दूधवाल्याचा हिशेबही करून आले. आमच्या मंडळातील स्नेही तेव्हापासून ‘वडिलांना कोणत्या पत्त्यावर पाठवलेत?’ असे विचारतात. तिकीट वाचेल काय, आणि मुलीला रागवावे काय?
— एक संग्राहक, सांगली

उत्तर : मुलीला मुळीच रागावू नये. इतक्या वर्षांनी उरलेला वास नेमका ओळखून त्याचा योग्य जागी उपयोग करणारी व्यक्ती आपल्या छंदात विरळाच.

तिकिटाविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. मागचा मूळ गोंद गेला, म्हणून ते आता जाणकारांच्या अर्थाने कोरे राहिले नाही. आणि टपालाचा शिक्का नाही, म्हणून ते वापरलेलेही म्हणता येत नाही. पाकिटावरचे तिकीट सोडवताना आपण भोवतालचा कागद कापून ते परातीत कोमट पाण्यावर तरंगत ठेवतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते आपसूक सरकेपर्यंत हात लावत नाही, कारण घाईने ओढल्यास मागचा पापुद्रा निघून कागद विरळ होतो. आजोबांना परातीत ठेवणे शक्य नसल्याने कोमट पाण्यात बुडवलेला कापूस कपाळावर धरणे एवढाच मार्ग होता, आणि तो आपण धरला असेल अशी आशा आहे. तिकीट टीपकागदावर पालथे वाळवून जाड पुस्तकाखाली ठेवावे. पाण्यानंतर सुवास किती टिकेल, याची हमी देता येत नाही.

यापुढे कोरी तिकिटे वरच्या फळीवर ठेवावीत आणि मुलीला वापरलेल्या तिकिटांचा स्वतंत्र ढीग द्यावा. पक्षी, हत्ती, आगगाड्या असलेली तिकिटे आधी द्यावीत, थोर पुरुषांची वेळ नंतर येईल. गोल, बोथट टोकांचा चिमटाही तिला द्यावा. आमच्या नातवाने तो पहिल्या दिवशी पोह्यांतले शेंगदाणे वेचायला वापरला, आणि खरे सांगायचे तर त्याचा हात आमच्याहून स्थिर होता.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाने माझी नऊ प्रथम दिवस आवरणे (नवे तिकीट निघते त्याच दिवशीचा शिक्का मारलेली संग्रहाची पाकिटे) फोडली आणि एकातही पत्र नाही म्हणून तो रडत बसला. त्याची समजूत कशी काढावी?
— एक माता, ठाणे

उत्तर : त्याचा मुद्दा बिनतोड आहे. फुटलेली आवरणे पुन्हा चिकटवू नयेत, त्याने नुकसान वाढते. पारदर्शक वेष्टनात ठेवावीत. प्रत्येकात त्याच्या नावाने चार ओळींची एक चिठ्ठी घालावी आणि ती त्यालाच काढू द्यावी.