ईआरपीतून गुणवत्ता नियंत्रण: आधी माल अडवण्याची सोय करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीत सीएनसी टर्निंगचा चाळीसेक माणसांचा कारखाना, बुश आणि शाफ्ट हे मुख्य काम, तपासणीच्या नोंदी काही वहीत तर काही एक्सेलमध्ये. परत आलेल्या एका लॉटचा माग ग्राहकाच्या ऑडिटमध्ये लावता आला नाही, म्हणून ताशेरा बसला. आता ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि विक्री एकाच ठिकाणी नोंदवणारी संगणक प्रणाली, घेऊन गुणवत्ता नियंत्रण स्वयंचलित करायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी आणि अंतिम तपासणीला कॅमेरा बसवावा का. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत मी गुणवत्ता विभागाचे काम केले आहे आणि लहान कारखान्यांत अशा प्रणाली बसवण्यातही सहभागी झालो आहे, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

विक्रेत्याच्या सादरीकरणात रंगीत आलेख आणि डॅशबोर्ड आधी दाखवले जातात, त्यामुळे स्वयंचलन म्हणजे नोंदी संगणकात जाणे असा समज होतो. नोंद वहीत असो वा पडद्यावर, सदोष नग ग्राहकाकडे जाण्यावर तिचा स्वतःहून काहीच परिणाम होत नाही. ईआरपीच्या हातात मात्र एक गोष्ट अशी आहे, जी वहीच्या हातात कधीच नव्हती, आणि ती म्हणजे मालाची हालचाल. कच्चा माल स्टोअरमधून लाइनवर जाणे, अर्धवट काम पुढच्या ऑपरेशनला जाणे आणि तयार माल चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीवर, बाहेर पडणे या तिन्ही गोष्टींची नोंद त्याच प्रणालीत होते, आणि तपासणीचा निकाल त्या नोंदीला जोडला, तर निकालाशिवाय माल पुढे सरकूच शकत नाही. माझ्या मते आपण जो पैसा खर्च करणार आहात, त्याचा पहिला मोबदला याच ठिकाणी मिळायला हवा.

आजची परिस्थिती कशी असते पाहा. इन्स्पेक्टर पहिल्या शिफ्टला एका क्रेटवर पिवळे टॅग बांधून 'होल्ड' लिहितो आणि वहीत तशी नोंद करतो. दुसऱ्या शिफ्टला टेम्पो दारात उभा असतो, ग्राहकाच्या स्टोअरमधून फोन चालू असतात, टॅग सुटून पडलेले असते किंवा पडलेले नसले तरी कोणी वाचत नाही, आणि चलन ज्या संगणकावर बनते त्याला त्या वहीचा पत्ताच नसतो. इथे इन्स्पेक्टर आपले काम करून गेलेला आहे. चूक त्या दोन कागदांमध्ये संबंध नसण्याची आहे.

हा संबंध जोडायला फार मोठी प्रणाली लागत नाही. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोत प्रणाली उदाहरण म्हणून घेतो, कारण आपल्या आकाराच्या कारखान्यांत ती बऱ्याचदा दिसते. तिच्यात प्रत्येक आयटमच्या मास्टरमध्ये, म्हणजे मूळ नोंदीत, खरेदीपूर्वी तपासणी आवश्यक आणि डिलिव्हरीपूर्वी तपासणी आवश्यक अशा दोन खुणा असतात, आणि तपासणीचा साचा, म्हणजे कोणते परिमाण, किमान किती, कमाल किती, हे त्याच आयटमला जोडता येते. याशिवाय स्टॉकच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: तपासणी सादर झालेली नसेल किंवा नापास असेल, तर प्रणालीने थांबवावे की केवळ सूचना द्यावी. केवळ सूचनेवर ठेवले, तर आठवडाभरात सगळे जण न वाचता ओके दाबायला शिकतात. तेव्हा तो पर्याय पहिल्याच दिवशी थांबवण्यावर ठेवावा, त्यावरून होणारी आरडाओरड पहिल्या पंधरवड्यात ऐकून घ्यावी आणि मागे हटू नये.

अडवणूक आली की सोडवणुकीचा अधिकार कोणाला, हा प्रश्न लगेच येतो. तो अधिकार डिस्पॅचकडे नसावा, उत्पादनाकडे नसावा, आणि स्पष्टच सांगायचे तर मालकांच्या मोबाइलवरही नसावा, कारण सगळे फोन शेवटी तिथेच जातात. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे मानक २०१६ पासून लागू आहे आणि मंजूर केलेल्यापेक्षा वेगळा माल पाठवायचा असेल तर त्याआधी ग्राहकाची सवलत किंवा परवानगी घेणे त्यात बंधनकारक आहे. म्हणून सोडवणुकीच्या फॉर्मवर ग्राहकाच्या परवानगीचे पत्र जोडल्याशिवाय बटण चालू होणार नाही, अशी व्यवस्था करून घ्यावी. त्या परवानगीची मुदत आणि नगसंख्या हेही रकाने ठेवावेत. पाचशे नगांची परवानगी वर्षभर वापरली जाणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे.

आवक मालाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये तपासणी झाल्याशिवाय खरेदी पावती सादर होत नाही, म्हणजे कागदोपत्री माल आलेलाच नसतो; प्रत्यक्षात मात्र कच्च्या मालाचे बार उतरवून घेतलेले असतात आणि मशीन रिकामे असले की ऑपरेटर त्या ढिगातूनच उचलतो. एसएपी या मोठ्या कंपन्यांच्या ईआरपीमध्ये याची उत्तम सोय आहे: माल आल्याबरोबर तपासणीखालील साठ्यात जमा होतो आणि वापराचा निर्णय नोंदवल्यावरच खुल्या साठ्यात येतो. लहान प्रणालीतही हेच साधता येते. 'तपासणी प्रतीक्षा' नावाचे वेगळे गोदाम उघडावे, सगळी आवक तिथे घ्यावी, आणि तिथून स्टोअरमध्ये होणाऱ्या हस्तांतराला तपासणी अनिवार्य करावी. जमिनीवरही त्या गोदामाची पिवळ्या पट्ट्याने आखलेली जागा असावी, शक्य असल्यास जाळी आणि कुलूप असावे. पडद्यावरचे गोदाम आणि जमिनीवरची जागा एकच नसेल, तर प्रणाली खोटे बोलू लागते.

आता माग लावण्याचा मुद्दा, ज्यावरून आपल्याला ताशेरा बसला. बारची हीट नंबरनुसार, म्हणजे पोलाद ज्या ओतणीतून आले तिच्या क्रमांकानुसार, बॅच करणे, मिलचे टीसी, म्हणजे चाचणी प्रमाणपत्र, त्या बॅचला जोडणे आणि जॉब कार्डवर तीच बॅच ओढणे इथपर्यंत सगळे करतात. साखळी तुटते ती जॉब वर्कला, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाला. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगला माल चलनावर जातो तेव्हा त्यात तीन बॅचेसचे नग असतात, समोरचा ते एकाच चार्जमध्ये, म्हणजे एकाच खेपेत, टाकतो, आणि परत येताना फक्त एकूण वजन किंवा एकूण नग येतात. त्यानंतर कोणतीही ईआरपी हीट नंबर सांगू शकत नाही; सांगत असेल, तर कोणीतरी अंदाजाने बॅच निवडलेली आहे. उपाय दोनच आहेत: एका चलनावर एकच बॅच पाठवणे, किंवा परतीच्या वेळी नवी बॅच तयार करून तिच्या पोटात जुन्या तिन्ही बॅचेस नोंदवणे. दुसऱ्या उपायात परत बोलावण्याचा माल तिप्पट होतो, हे ग्राहकाला आणि स्वतःला आधीच माहीत असू द्यावे. पहिला उपाय प्लेटरला आवडत नाही, कारण त्याची टाकी अर्धी भरते. तरीही ज्या भागांवर ग्राहकाने सुरक्षिततेचे चिन्ह दिले आहे, त्यांच्यासाठी मी पहिल्याचाच आग्रह धरेन, आणि दरात थोडी वाढ द्यावी लागली तरी ती द्यावी.

मोजमापाच्या नोंदीवर थोडे थांबतो, कारण स्वयंचलनाची खरी मौज आणि खरा धोकाही इथेच आहे. समजा आपल्या शाफ्टचा व्यास २५ एच-सहा आहे, म्हणजे २४.९८७ ते २५.००० मिमी, एकूण सहिष्णुता १३ मायक्रॉन. इन्स्पेक्टर मायक्रोमीटरवर वाचतो, वहीत लिहितो, आणि संध्याकाळी कोणीतरी ते संगणकात भरतो. या पद्धतीत वहीतले आकडे संशयास्पद रीतीने गोंडस असतात: २४.९९०, २४.९९५, २४.९९०. डिजिटल मायक्रोमीटरला यूएसबी जोडणी दिली, तर बटण दाबताच आकडा थेट पडद्यावरच्या रकान्यात उमटतो. मितुतोयोसारख्या उत्पादकांच्या अशा जोडण्या संगणकाला साधा कीबोर्ड वाटतात, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही. लिहिण्याची आणि भरण्याची अशा दोन्ही ठिकाणच्या चुका संपतात, आणि महिनाभरात आकड्यांचा खरा पसारा दिसू लागतो. तो आधीपेक्षा वाईट दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये, तो पहिल्यापासून तसाच होता.

पण आकडा आपोआप आला म्हणून तो बरोबर आला असे नव्हे. मशीनमधून नुकताच काढलेला नग मायक्रोमीटरपेक्षा २० अंश गरम असेल, तर पोलादाच्या प्रसरणाने २५ मिमीचा व्यास जवळपास ६ मायक्रॉनने मोठा मोजला जातो, म्हणजे सहिष्णुतेचा जवळजवळ अर्धा भाग तापमानातच गेला. प्रणाली ती चूक इमानाने तीन दशांशांपर्यंत साठवून ठेवते. म्हणून नग थंड होण्यासाठी ठरलेली जागा आणि ठरलेला वेळ, मायक्रोमीटर शून्यावर आणण्यासाठी मास्टर, म्हणजे अचूक मापाचा नमुना, आणि स्वयंचलनाआधी मापनप्रणालीचा अभ्यास, म्हणजे गेज आर अँड आर, या गोष्टी आधी व्हायला हव्यात. प्रचलित निकष असा आहे की मापनातला फरक १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, १० ते ३० टक्क्यांमध्ये असला तर कामाचे महत्त्व पाहून ठरवावे, आणि त्याहून अधिक असला तर ते मोजमाप वापरू नये. अशा नापास गेजला यूएसबी लावणे हा निव्वळ खर्च आहे. गेजचा क्रमांक तपासणीच्या फॉर्मवर अनिवार्य करावा आणि कॅलिब्रेशनची मुदत संपलेली असल्यास फॉर्म सादर होऊ नये, अशी अट घालावी. ही अट तयार मिळण्याची अपेक्षा ठेवू नका, ती बहुधा बनवून घ्यावी लागते, पण काम लहान आहे.

तपासणीचा साचा भरताना कंट्रोल प्लॅन समोर ठेवून भरावा, ड्रॉइंग समोर ठेवून नव्हे. ड्रॉइंगवरची सगळी परिमाणे साच्यात टाकली, की इन्स्पेक्टरला प्रत्येक लॉटला तीस रकाने भरावे लागतात. मग तो ते भरतो, पण मोजत नाही. कंट्रोल प्लॅनमध्ये कोणते परिमाण, कोणत्या गेजने, किती नगांवर आणि किती वेळाने हे आधीच ठरलेले असते. पहिल्या नगाची मंजुरी, प्रक्रियेदरम्यानची तपासणी आणि अंतिम तपासणी यांचे तीन वेगळे साचे करावेत, आणि इन्सर्ट (कापणारे टोक) बदलल्यावर किंवा ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) दिल्यावर पहिल्या नगाची मंजुरी पुन्हा मागितली जावी.

एसपीसीच्या, म्हणजे आकडेवारीवरून प्रक्रियेवर नजर ठेवण्याच्या, आलेखांबद्दल एवढेच सांगतो की ते दोन किंवा तीन महत्त्वाच्या परिमाणांनाच लावावेत. नियंत्रण मर्यादा प्रक्रियेच्या आकड्यांतून काढायच्या असतात. ड्रॉइंगच्या मर्यादा त्या जागी टाकल्या, तर आलेख फक्त शोभेचा राहतो. सलग सात बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले की ऑपरेटरला पडद्यावर लाल पट्टी दिसावी आणि त्याने कारण निवडल्याशिवाय पुढचे वाचन घेतले जाऊ नये. मालकांच्या ईमेलवर जाणारे इशारे आठवड्याने कोणी उघडतही नाही.

कॅमेऱ्याचा निर्णय मी पुढे ढकलीन. थ्रेड नसणे, चेंफर (कडेचा उतार) राहून जाणे, चुकीचा भाग मिसळणे अशा आहे-नाही स्वरूपाच्या दोषांसाठी कॅमेरा चांगला चालतो. तेलकट, चकाकणाऱ्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे शोधताना मात्र तो चांगल्या नगांनाही इतके नापास करतो की शेवटी माणूस बसवावाच लागतो. कॅमेरा बसवलाच, तर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम ठेवलेला सदोष नमुना त्याच्यासमोर ठेवून तो पकडतो की नाही, याची नोंद प्रणालीत अनिवार्य करावी.

प्रणाली कोणती घ्यावी, यावर फार वेळ घालवू नये. ओडू या आणखी एका ईआरपीचा गुणवत्तेचा भाग फक्त सशुल्क आवृत्तीत मिळतो, ईआरपीनेक्स्टचा मूळ आवृत्तीतच आहे, आणि एसएपी आपल्या आकाराला महाग पडेल. विक्रेत्याला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: सादर झालेले वाचन नंतर बदलता येते का, आणि बदलले तर जुना आकडा, बदलणारा आणि वेळ राहते का. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून अशा बदलांची नोंद ठेवणे कायद्याने सक्तीचे झाले आहे. गुणवत्तेच्या नोंदींना तो कायदा लागत नाही, म्हणून ती मागणी आपल्यालाच करावी लागते.

सुरुवात एका भागापासून करा, शक्यतो त्याच भागापासून ज्यावर ताशेरा आला. वही लगेच बंद करू नका, पण चलन मात्र पहिल्या दिवसापासून नव्या प्रणालीतूनच काढा, आणि बदल भोसरीतल्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला लागून करा म्हणजे साठ्याची मोजणी शांतपणे होते. महिन्याभराने, पाठवून झालेल्या मालातला एक नग इन्स्पेक्टरच्या हाती द्या आणि त्याला कोणाला फोन न करता चलन, अंतिम तपासणी, प्लेटिंगचे चलन, जॉब कार्ड, हीट नंबर आणि टीसी काढायला सांगा. मग उलट बाजूने, त्या हीटचे उरलेले नग कोणकोणत्या चलनांवर गेले, तेही. पुढच्या वेळी ऑडिटर हेच मागणार आहे. इन्स्पेक्टर जिथे अडेल, त्या ठिकाणचा फॉर्म आणि चलनाचा नमुना, नावे झाकून, इथे टाकलात तर नेमके काय बदलावे ते सांगता येईल.