चेहरा पुन्हा जुळवण्याचं काम: डॉक्टर न होता करता येईल का?

प्रिय विद्यार्थिनी,

अपघातात जबडा मोडलेल्या तुझ्या चुलतभावाचा चेहरा डॉक्टरांनी आधी संगणकावर जुळवला, मग शस्त्रक्रिया केली. ते पाहिल्यापासून तुला हेच काम करायचं आहे. गणित आणि चित्रकला आवडते, पण रक्त पाहवत नाही, म्हणून डॉक्टर न होता या क्षेत्रात येता येईल का, असं तू विचारलंस.

नक्की येईल. सीटी स्कॅनचं यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड अभियंता होते. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना मिळालं.

स्कॅनमधल्या प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या एककात एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, हाड पाण्याच्या बरंच वर. ‘अमुक आकड्याच्या पुढचं ते हाड’ असं संगणकाला सांगितलं की कवटी वेगळी होते. सोपं वाटतं ना? पण डोळ्याच्या खोबणीचा तळ फार पातळ असतो. तिथे हाड आणि शेजारचा मऊ भाग यांची सरासरी होऊन आकडा खाली घसरतो आणि हाड शाबूत असूनही पडद्यावर भोक दिसतं. ते भोक खरं की आभासी, हे शरीररचना जाणणाऱ्यालाच ओळखता येतं. म्हणून प्रोग्रामिंगइतकीच ॲनाटॉमी मनापासून शीक.

पुढे शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा दुखावलेल्या बाजूवर ठेवून रोपणाचा, म्हणजे हाडाच्या जागी बसवायच्या कृत्रिम तुकड्याचा, आकार ठरवतात. इथे तुझी चित्रकला उपयोगी पडेल, कारण कुणाचाच चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो. शिवाय चेहऱ्याचा मेळ म्हणजे नुसतं देखणेपण नव्हे. गाल सारखे दिसले, पण वरखालचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर माणसाला जेवता येत नाही.

‘स्मार्ट मटेरियल’, म्हणजे परिस्थितीनुसार आपला आकार किंवा गुण बदलणारा पदार्थ, या शब्दाला मात्र भुलू नकोस. निकेल-टायटॅनियमची तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परतते आणि दातांवर सौम्य, सलग दाब देते. दात सरळ करताना ती सर्रास वापरतात. चेहऱ्याच्या हाडांसाठी रोजच्या वापरात आहेत ते टायटॅनियम आणि ‘पीक’ (PEEK) नावाचं पॉलिमर, म्हणजे एक प्रकारचं मजबूत प्लॅस्टिक. पीकचा ताठरपणा हाडाच्या बराच जवळचा असतो आणि स्कॅनमध्ये ते धातूसारखे चट्टे पाडत नाही. आकार बदलणारी रोपणं अजून बरीचशी प्रयोगशाळेतच आहेत. तेव्हा अभ्यासक्रमाच्या नावात ‘स्मार्ट’ आहे की नाही हे बघू नकोस. बायोमेडिकल अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा मटेरियल सायन्स यांपैकी एका विषयाची भक्कम पदवी घे आणि विशेष अभ्यास नंतर कर.

रक्ताचं म्हणशील, तर रोपणाची रचना करणाऱ्याचा बहुतेक वेळ पडद्यासमोर, सर्जनशी चर्चा करण्यात जातो. पण रुग्णाला भेटणं टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्यासाठी रोपण करायचं, त्याला नेमका काय त्रास होतो ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, सरावासाठी नमुना स्कॅनही मिळतात. सुट्टीत एखाद्या स्कॅनमधून जबडा वेगळा करून बघ. त्यात तासन्तास रमलीस तर मला कळव, मग कोणती पदवी घ्यावी यावर सविस्तर बोलू.