वाचकांचे प्रश्न: नवी शिडाची बोट आणि घरातली आरडाओरड

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं (मुलगी १२, मुलगा ८). नुकतीच १६ फुटी शिडाची बोट घेतली, सेकंडहँड आहे पण चांगली आहे. मिस्टरांनी फार वर्षांपूर्वी तीन दिवसांचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर पहिल्याच रविवारी बाहेर पडलो. जाताना मस्त गेलो, परत फिरताना मात्र बोट वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी उभी राहिली. शिडं फडफडतायत, हे ओरडतायत "शीट सोड, शीट सोड", आणि मी शीड सोडायचं समजून भलतीच दोरी सोडली तर मोठं शीड धाडकन खाली. शेवटी एका मोटरबोटवाल्याने ओढून आणलं. मुलगी आता यायलाच तयार नाही. सुरुवात नेमकी कुठून करायची?

उत्तर: ताई, आधी त्या शीटचं मिटवून टाकू. शीट म्हणजे शीड नव्हे, शीट म्हणजे शीड आत घ्यायची आणि बाहेर सोडायची दोरी, आणि तुम्ही सोडलीत ती हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. मराठी कानाला हा घोळ होणारच, मी स्वतः पहिलं वर्षभर "लाल दोरी, निळी दोरी" असंच म्हणायचे आणि अजूनही घाईत तेच तोंडात येतं. तुम्हीपण दोऱ्यांना रंगीत टेप लावा, आणि बोट किनाऱ्यावर उभी करून, हलका वारा असताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे ठेवून शिडं चढवा-उतरवा, चौघांनी, आळीपाळीने, कंटाळा येईपर्यंत. जमिनीवर चुकलं तर फक्त हसू येतं.

आता बोट उभी का राहिली. शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो, म्हणून वाऱ्याकडे जायचं तर नागमोडी जावं लागतं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. वळताना वेग कमी असला किंवा टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, अर्धवट ढकलून सोडून दिला की नाळ त्या पट्ट्यात अडकते. यात तुमचं काही विशेष चुकलं नाही, सगळ्यांचंच होतं. सुटायचं कसं? पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, हाताने उजवीकडे बाहेर धरा, वारा त्यावर मागून नाही तर पुढून आपटेल आणि नाळ डावीकडे ढकलली जाईल. डावीकडे धरलं तर उजवीकडे. तोवर बोट हळूहळू मागे सरकायला लागलेली असते आणि तेव्हा सुकाणू उलटं चालतं, म्हणजे ज्या बाजूला टिलर ढकलाल त्याच बाजूला नाळ जाते (पुढे जाताना याच्या बरोब्बर उलट). नाळ पुरेशी वळली की जिब नेहमीच्या बाजूला घ्या, मग मोठं शीड आत ओढा, निघालात.

पण मला विचाराल तर पहिले दोन-तीन दिवस कुठेही जाऊच नका, थांबायला शिका. गाडी शिकताना ब्रेक कुठे ते आधी दाखवतात ना, इथे मात्र लोक आधी पळवायला शिकतात. या बोटीचा ब्रेक म्हणजे ती शीट. वारा समोरून-तिरका किंवा बाजूने येत असेल तर शीट सोडली की शीड फडफडतं, ताकद जाते, बोट थांबते. शब्दशः वाऱ्यावर सोडायचं! पण वारा मागून असेल तर हा ब्रेक लागत नाही, कारण बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, बाहेर जाऊन डोलकाठीच्या तारेला टेकतो आणि शीड भरलेलंच राहतं, कितीही दोरी सोडा. नवशिक्यांच्या जेट्टीवरच्या धडका बहुतेक अशाच, वारा पाठीला घेऊन येताना. पाण्यात एक रिकामा कॅन दोरीने बांधून, खाली वजन लावून सोडा, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडून, तिरकं येत त्याच्याजवळ बोट थांबवा. वीसदा करा. हे जमलं की जेट्टी जमली, आणि कोणी पाण्यात पडलं तर त्याच्यापाशी जाणंही हेच आहे, वेगळं काही नाही.

दिवस निवडताना वारा ८-१० नॉटच्या (ताशी साधारण १५-१८ किमी) आत बघा, पाण्यावर सगळीकडे पांढरे फेस दिसत असतील तर घरी बसा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आणि जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा, किनाऱ्याशी एकदम शांत वाटतं, आत गेलं की वाढतो, आणि परतीची सगळी वाट वाऱ्याच्या तोंडात. तुमच्या रविवारी हेच झालं असणार असा माझा अंदाज.

मुलीचं म्हणाल तर तिला भीती पाण्याची नसावी, आरडाओरडीची असावी. एका वेळी एकच कॅप्टन, दर अर्ध्या तासाने बदलायचा, आणि तिचीही पाळी आली पाहिजे, टिलर तिच्या हातात आणि बाबांनी गप्प. बाबांना हे सगळ्यात अवघड जाईल.

प्रश्न: वळताना बूम डोक्यात बसला, टेंगूळ आलं. टॅक आणि जाइब यातला फरक प्रत्यक्षात कसा ओळखायचा?

उत्तर: टॅकमध्ये नाळ वाऱ्यातून फिरते, बूम आधी ढिला पडतो आणि मग निवांत दुसरीकडे जातो. जाइबमध्ये मागची बाजू वाऱ्यातून फिरते आणि भरलेलं शीड एका झटक्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येतं, तुम्हाला बसला तो हाच. वारा पाहून पाठ द्यावी म्हणतात, पण बोटीत पाठ दिली की मान वळवून मागे बघत राहायचं. जिब लुळा पडून इकडून तिकडे जायला लागला तर समजा आता बूम येणार. मुद्दाम जाइब करायचं असेल तर मोठ्या शीडाची शीट आधी आत ओढून घ्या, मोठ्याने सांगा, सगळे खाली वाका, मग वळा, आणि बूम पलीकडे गेला की शीट लगेच सोडा. वारा जास्त वाटला तर जाइब करूच नका, उलट बाजूने वाऱ्याकडे वळून टॅक करा आणि गोल फिरून या, वेळ जातो पण डोकं राहतं.

प्रश्न: सगळ्यांना उत्तम पोहता येतं. तरी लाइफजॅकेट घालायलाच हवं का? बोट उलटली तर किनाऱ्यापर्यंत पोहत येऊच की.

उत्तर: हवंच, आणि पोहत यायचं नाही! उलटलेली बोट तरंगते आणि लांबून दिसते, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही. आधी माणसं मोजा, शिटा मोकळ्या करा, नाळ वाऱ्याकडे वळवा, मग एकाने सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून बाहेर येणाऱ्या फळीवर, उभं राहून मागे झुकायचं, बोट सरळ होते. हे एकदा उथळ, शांत पाण्यात, जवळ मदतीला दुसरी बोट ठेवून मुद्दाम करून बघा. जॅकेटवर न्यूटनचा, म्हणजे ते किती जोराने वर उचलेल त्याचा, आकडा असतो: ५० वालं पोहणाऱ्याला तरंगायला मदत करतं पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही, त्यासाठी १०० किंवा त्याहून जास्तीचं लागतं. मुलांचं त्यांच्या वजनाचंच घ्या, "पुढच्या वर्षीही होईल" असं मोठं नको, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या, नाहीतर पाण्यात जॅकेट वर आणि पोरगं खाली.

प्रश्न: समोरून दुसरी शिडाची बोट आली तर कोणी बाजूला व्हायचं?

उत्तर: १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वारा ज्याच्या डाव्या बाजूने येतोय त्याने. दोघांना एकाच बाजूने येत असेल तर वाऱ्याकडच्या बोटीने. मागून ओलांडणाऱ्याने नेहमीच. मोटरबोट साधारणपणे तुम्हाला वाट देते, पण अरुंद खाडीत मोठ्या जहाजासमोर नियम सांगत बसू नका, तिथे तुम्हीच बाजूला व्हायचं असतं.

प्रश्न: दर वेळी बोटीत पाणी साठतं. तळ फुटलाय का?

उत्तर: मागच्या बाजूला खाली एक बूच असतं, पाणी काढून टाकायला. ते लावलंय का बघा. आम्ही दोनदा विसरलोय.