इंत्रूज कुठून आला?

प्रश्न असा आहे: गोव्यातले जुने लोक कार्निव्हलला 'इंत्रूज' म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'इंट्रूड'वरून आला का? त्या दिवसांत पोरं तोंडं रंगवून लोकांच्या घरांत घुसायची म्हणे. आणि इंत्रूज, कार्निव्हल या दोन्ही नावांचा अर्थ एकच का?

घुसखोरीची व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. इंत्रूज आला पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून आणि तो लॅटिन 'इंत्रोइतुस'वरून. अर्थ: आत जाणं, प्रवेश. 'इंट्रूड'च्या पोटात मात्र 'त्रुदेरे' हे लॅटिन क्रियापद आहे, म्हणजे ढकलणं. एकात आपण चालत आत जातो, दुसऱ्यात रेटून. तोंडवळा सारखा, एवढंच. शेवटच्या 'दु'चा 'ज' कोकणी तोंडात झाला. हा ज 'काजू'तला, 'जीव'मधला नव्हे.

मग प्रवेश कशात? तर कोरेज्मात. कोरेज्म म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा, प्रार्थनेचा काळ. वसईकडे त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. पोर्तुगीज 'क्वारेज्मा' लॅटिनमधल्या 'चाळिसावा' या शब्दावरून आला. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कोरेज्माच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत बोटं मोजत गेलात तर मात्र 46 दिवस भरतात. मधले सहा रविवार उपासातून वगळायचे, की झाले 40. पूर्वी या काळात मांस वर्ज्य असे. त्यामुळे बुधवार उजाडण्याआधी काय खायचं-प्यायचं, नाचायचं ते उरकून घ्यायचं. मराठीत काळ 'लागतो': श्रावण लागला, चातुर्मास लागला. इंत्रूज म्हणजे कोरेज्म लागण्याच्या तोंडावरचे दिवस. स्वतः सण असून नाव मात्र पुढच्या उपासाचं!

कार्निव्हलचंही तेच. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ 'मांस दूर करणं'. त्याची 'कार्ने वाले', म्हणजे 'मांसा, रामराम', अशी फोड सर्रास सांगितली जाते. ती गोड आहे, पण भाषाशास्त्रज्ञ तिला फारसं मोल देत नाहीत. हे वाचताना मला आपली गटारी आठवते. तिथेही 'गताहारी'वरून गटारी अशी सोवळी व्युत्पत्ती कोणीतरी दरवर्षी फिरवतं. खरं तर आखाड तळणं, आषाढी अवसेला मटणाच्या दुकानापुढची रांग आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला म्हणून सामसूम, हे ज्याने पाहिलंय त्याला इंत्रूज वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे सण एक, काळ एक; नावं दोन बाजूंनी पडलेली. एकाची नजर उपासाच्या दारावर, दुसऱ्याची पानातल्या मांसावर.

पण गोव्यात आज ही दोन नावं दोन वेगळ्या गोष्टींना चिकटू लागली आहेत. पणजीत सजवलेल्या गाड्या निघतात, राजा मोमो 'खा, पिये आनी मजा कर' असं फर्मान काढतो, तो कार्निव्हल. मोमो मूळचा ग्रीकांचा टवाळीचा देव, मोमुस. इंत्रूज गावातला. पीठ, पाणी, रंग, पिठाच्या कागदी पुड्या एकमेकांवर फेकायच्या. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आवारात, जमिनीवरच 'खेळ' रंगतात. मंच नाही, पडदा नाही. मी एकदा दुपारी असा खेळ पाहिला. ट्रम्पेट, ढोल, चार बाकं आणि लुगडं नेसून आलेला एक दाढीचे खुंट वाढलेला बाप्या. सासूच्या भूमिकेत तो गावातल्याच कुणाची तरी नक्कल करत होता. कुणाची ते मला कळलं नाही, पण मागच्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. सासष्टीतल्याच चांदर गावात इंत्रुजाच्या सोमवारी 'मुसळां खेळ' होतो. नाचणारी घरं ख्रिस्ती, हातात मुसळं. हे काही लिस्बनहून आलेलं नाही.

पोर्तुगालमध्येही हा जुना शब्द खेड्यांतच जास्त टिकलाय. पोदेंस गावात रंगीत झालरींचे कपडे आणि मुखवटे घालून, कमरेला घंटा बांधलेली पोरं एंत्रुदुच्या दिवसांत धुमाकूळ घालतात. 2019 मध्ये युनेस्कोने या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

राखेच्या बुधवारी सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारची, पानं जाळून केलेली असते. आपल्याकडे होळीची राख धुळवडीला अंगभर फासतात, म्हणजे धिंगाणा राखेनंतर सुरू होतो. तिथे राख आली की तो संपतो. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि होळीपौर्णिमा 3 मार्चला, म्हणजे पंधरवड्याचंच अंतर.

जाता जाता क्रियापदाचं. बातम्यांत 'इंत्रूज साजरा झाला' असं छापतात. चूक नाही, पण बेचव आहे. कोकणीत इंत्रूज खेळतात, पोर्तुगीजमध्येही एंत्रुदु 'जुगार' करत, आणि दचकू नका, त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता खेळणं. आपण रंगपंचमी खेळतो तसाच मराठीतही इंत्रूज खेळावा.