पापीतेला येताय, तर ताहितीयन शिकायची का?

ताई, तुम्ही विचारलंत की नवऱ्याला इथे पापीतेत, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या ताहिती बेटावरच्या शहरात, हॉटेलात काम मिळतंय, मुलगी सहा वर्षांची आहे, फ्रेंचचा क्लास लावलाय, तर इथली मूळची भाषा ताहितीयनपण शिकायची का. व्हिसाबिसाचं मी लिहीत नाही, ते साइटवर सगळं आहे. फक्त मुलीच्या नावात मधे वडिलांचं नाव असेल तर जन्मदाखल्याचं फ्रेंच भाषांतर करतानाच ते नीट लिहून घ्या. इथे ते मुलीचंच दुसरं नाव धरतात, आमच्या लेकीच्या कागदांवर अजून बाबांचं नाव तिचं म्हणून येतं आणि कितीदाही अर्ज द्या, खिडकीवरची बाई म्हणते दाखल्यात तसंच आहे.

कामापुरती फ्रेंच पुरते, सरकारी भाषा तीच. पण रविवारी पहाटे पापीतेच्या मार्केटात जा. तारोचे कंद, फाफा विकणाऱ्या आज्या आपसात ताहितीयन बोलतात आणि शेजारी बसलेल्या नातवाशी फ्रेंच. (फाफा म्हणजे आपला अळूच, कोंबडी घालून नारळाच्या दुधात शिजवतात, मस्त लागतं.) त्यांच्या लहानपणी शाळेत ताहितीयन बोललं की शिक्षा व्हायची. मग 1966 ला फ्रान्सच्या अणुचाचण्या इथे सुरू झाल्या, त्या कामांसाठी लांबलांबच्या बेटांवरून माणसं आली, पगाराबरोबर फ्रेंचही घरात शिरली. आणि ही नुसती बोलायची भाषा नाही हो, 1838 ला आख्खं बायबल छापलंय हिच्यात, 1972 ला हिची भाषा अकादमी स्थापन झाली, फारे वानाआ. आता शाळेतही शिकवतात, पण आठवड्यातनं थोडेच तास, गाणी, रंग, आकडे.

आणि त्याच शाळेत लेकीच्या पहिल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतं. बाई स्वतः इथल्याच, ताहितीयन! त्याचा राग अजून जात नाही. मी तोंडावर नाही म्हणाले, घरात आजही मराठीच बोलते, तरी लेक सगळं समजून उत्तर फ्रेंचमध्येच देते. माझी आई फोनवर विचारते, काय म्हणतेय गं ती? आणि मला नातीचं बोलणं आजीला समजावून सांगावं लागतं, ते फार लागतं मनाला.

एकटेपणाचं म्हणाल तर होतो थोडा, कामात जातो.

तर ताहितीयन शिका, दोघीही शिका. क्लासपेक्षा शेजारची एखादी आजी बघा, रविवारी चर्चमध्ये हिमेने, म्हणजे देवाची गाणी, सगळे मिळून गातात तिथे जाऊन बसा, कुणी हाकलत नाही. मुलीचा शाळेतला ताहितीयनचा तास बुडवू देऊ नका, आणि मराठीचं पुस्तक सामानात टाकाच, इथे मिळत नाही.